शेक, डाग आणि दवणा



उद्यमबागेत उभे राहून उष्णतेवर बोलणे म्हणजे सोनारापुढे सोन्याची पारख सांगणे आहे. फाउंड्रीत आयुष्य घालवलेल्या माणसाला वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहूनच कळते, की आता ओतायचे की अजून थांबायचे. आजचा विषय लोखंडाचा नाही, माणसाच्या अंगाचा आहे. प्रश्न मात्र तोच : ताव किती द्यायचा आणि हात कुठे आवरायचा?

चिनी वैद्यकात ‘जिउ’ नावाचा एक उपचार आहे. ‘आय’ या झुडपाची पाने वाळवतात, कुटतात, चाळतात. काड्या आणि भुसा निघून गेला की मागे कापसासारखा मऊ लव राहतो. त्याची चिमुकली शंकूसारखी गोळी करून शरीरावरच्या ठरलेल्या जागी ठेवून पेटवायची, नाहीतर कागदात वळलेली कांडी पेटवून त्या जागेजवळ धरायची. ही कांडी निपाणीकराने पाहिली तर तो म्हणेल, कुणीतरी फारच जाड विडी वळली आहे. जपानीत या लवाला ‘मोगुसा’ म्हणतात, त्याचे युरोपीय लोकांनी ‘मोक्सा’ केले, आणि तेच नाव जगभर रूढ झाले.

चिनी वैद्यक म्हटले की आपल्याला सुया आठवतात. पण मावांगदुई येथे इ. स. पूर्व १६८मध्ये बंद झालेली एक कबर १९७३च्या अखेरीस उघडली गेली, तेव्हा तिच्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखिते मिळाली. त्यांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे आणि त्यांच्या दुखण्यांवर उपाय सांगितला आहे तो शेकाचा, सुईचा नाही. निदान या लेखी पुराव्यापुरती तरी आग ही सुईची थोरली बहीण ठरते.

या विद्येशी मराठी माणसाचा संबंध थेट आला असता, तो थोडक्यात हुकला. १९३८मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर असे दोघे आपले होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. सुयांची विद्या पुढे १९५८-५९च्या सुमारास शिकून आणली ती त्याच पथकातल्या बंगाली डॉ. बसूंनी.

झाड मात्र आपल्या ओळखीचे आहे. ‘आय’ हे दवण्याच्या गोत्रातले. चैत्रात जोतिबाला वाहतो तोच दवणा; आणि सह्याद्रीत उगवणारा ढोरदवणा तर त्याचा अधिकच जवळचा भाऊबंद. त्यांनी तो पेटवला, आपण देवाला वाहिला.

मग आपल्याकडे औषधी शेक नव्हता काय? होता, आणि तो घराघरांत होता. पण पुरुषांनी त्याची नोंद ठेवली नाही, कारण तो बाळंतिणीच्या खोलीत होता. बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली. खालून ऊब, वर धुरी. कंबरेला एरंडाचे पान ठेवून त्यावरून शेक. चिनी वैद्य गोळी आणि कातडी यांच्यामध्ये आल्याची किंवा लसणाची चकती ठेवतो; आपली न्हाऊ घालणारी बाई पान ठेवत असे. बेंबीत मीठ भरून त्यावर शेक देण्याची त्यांची रीत वाचताना बाळाच्या बेंबीभोवती लावलेला कोमट हिंग कुणाला आठवणार नाही? कोंदट खोलीतल्या धुराने बाळबाळंतिणीच्या छातीचे हालही झाले असतील, हेही सांगितले पाहिजे.

बाळंतपणाचा विषय निघालाच आहे, तर पायाळूंचेही सांगतो. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण पळते, असे आपण मानतो. चिनी वैद्य त्याच्याही आधी पोचतो : मूल पोटात पायाळू असतानाच आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळ मोक्साची ऊब द्यायची, म्हणजे ते फिरते, असे तो म्हणतो. १९९८मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चीनमधल्या २६० पहिलटकरणींची दोन सारख्या गटांत विभागणी केली होती. पस्तिसाव्या आठवड्यात शेक दिलेल्या १३० जणींपैकी ९८ जणींचे मूल डोक्यावर आले होते, न दिलेल्यांपैकी ६२ जणींचे. पुढे इटलीत तसाच प्रयोग सुरू झाला, तो मध्येच थांबवावा लागला. अनेकींनी उपचार अर्धवट सोडला. त्यांच्या तक्रारींत त्या वासाचीही तक्रार होती.

आता डागाकडे येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा बारावा अध्याय सगळा अग्निकर्माचा आहे. कातडीसाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, सळई. मांसासाठी धातूची साधने. शिरा, सांधे, हाडे यांसाठी तापवलेला मध, गूळ, स्नेह. डाग नीट बसला हे ओळखायचे कसे, तर कातडी आवाज करते आणि आकसते, मांस पारव्याच्या रंगाचे होते. फाउंड्रीवाल्याला ही भाषा परकी वाटू नये. नंतर मध आणि तूप लावायचे. पण मला त्या अध्यायातली सर्वांत मोलाची वाटते ती मनाईची यादी. पित्तप्रकृतीचा, दुर्बळ, म्हातारा, भित्रा, अंगभर व्रण असलेला यांना डागू नये. आणि मूल असेल तर त्याला डागू नये.

आपल्या खेड्यांत पुढे काय झाले ते आपण जाणतो. काविळीला हातावर डाग, पोट फुगले तर पोटावर डाग. मेळघाटात तापलेल्या विळ्याने तान्ह्या मुलांच्या पोटावर चटके दिल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही वाचाव्या लागल्या. याला कुणी ‘आपले प्राचीन शास्त्र’ म्हणाले, की मला राग येतो. शास्त्राने ज्याला वगळले, त्याच्यावरच ही सळई फिरते. आग तेवढी वारशाने आली, मनाई पोथीतच राहिली. शिवाय चटका बसलेले ते पोर दवाखान्यात पोचते तोवर दोन दिवस गेलेले असतात.

चिनी वैद्यकातही कातडी जाळून व्रण उठवण्याची रीत होती. तिथे आता बहुधा कांडी दूर धरतात. लहान मूल असेल, किंवा ज्याच्या अंगाला बधिरपणा आहे असा रोगी असेल, तर वैद्य आपली दोन बोटे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवतो. रोग्याला कळणार नाही ती ऊब त्याच्या बोटांना कळते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेली माणसे आज आपल्या घरोघरी आहेत, आणि गरम पाण्याच्या पिशवीने त्यांच्या पायांना फोड आल्याचे सकाळी उठल्यावर दिसते. जुन्या बाया शेकाची पुरचुंडी दुसऱ्याला लावण्याआधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहत, ती एवढ्याचसाठी.