बचेंद्रीचं पुस्तक आणि आपली घरं

सौंसर-पांढुर्ण्याकडे घरात मराठी आणि दप्तरात हिंदी, हे काही नवीन नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि शाळेची भाषा ठरून गेली. म्हणून बचेंद्री पाल यांचं आत्मचरित्रही आपल्याकडे ‘एवरेस्ट : मेरी शिखर यात्रा’ याच नावानं आलं. ज्यांनी अख्खं पुस्तक पाहिलं नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या पोरांनी नववीच्या ‘स्पर्श’मध्ये त्यातला उतारा तरी वाचलाय.

हकीकत थोडक्यात अशी. उत्तरकाशीजवळचं नाकुरी गाव, जन्म 24 मे 1954. 1984 च्या मोहिमेचे नेते कर्नल खुल्लर. 23 मे 1984 ला दुपारी 1 वाजून 7 मिनिटांनी, म्हणजे तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती आंग दोरजींसोबत माथ्यावर पोचली. भारतातली पहिली बाई, जगातली पाचवी. जपानच्या जुन्को ताबेई 1975 मध्येच पहिल्या ठरल्या होत्या.

पण आमच्या नातेवाइकांत या पुस्तकावर जे वाद झाले ते शिखराबद्दल नव्हतेच. सौंसरच्या मामीला तर पहाडाचं काही घेणंदेणं नव्हतं. तिला धरून ठेवलं ते आधीच्या भागानं. शिक्षणासाठी शिवणकाम करणारी मुलगी, मग एम.ए., बी.एड. होऊनही मनासारखी नोकरी नाही. मामी स्वतः बी.एड., आणि तीन वर्षं घरी बसलेली. ती म्हणायची, “बर्फ-बिर्फ राहू दे. शिकून-सवरून घरी बसलेली पोट्टी कशी दिसते, थे हिनं लिहिलं. मले तेवढंच पटलं.” मला विचाराल तर पुस्तकाचा खरा कणा तोच आहे. नोकरी मिळाली असती, तर ती कदाचित डोंगराकडे वळलीच नसती.

आमचे एक काका शाळामास्तर. त्यांचं मत अगदी उलट. भाषा कोरडी, अहवाल लिहिल्यासारखी, असं ते म्हणत. ते खोटं नाही. पण ल्होत्सेच्या उतारावरच्या तंबूवर मध्यरात्री बर्फाचा कडा कोसळतो, ती आत गाडली जाते, लोपसांग चाकूनं तंबू फाडून वाट काढतो, आणि हे सगळं ती कुठंही गळा न काढता सांगते. नेत्यानं विचारल्यावर भीती वाटल्याचं कबूल करते, परत जायला मात्र नकार देते. काकांना यात अलंकार हवे होते. मला नाही वाटत.

जामसावळीला दर शनिवारी जाणाऱ्या आमच्या आजीला एकच प्रसंग पाठ होता. माथ्यावर बचेंद्रीनं लाल कपड्यात गुंडाळलेली दुर्गेची तसबीर आणि हनुमान चालिसा बर्फात ठेवली, तो. “आपला मारुती इथं निजलेला, अन् तिनं थेट तिथं नेऊन बसवला,” असं म्हणून ती हसायची. पुढचं-मागचं तिनं कधी ऐकून घेतलं नाही.

सगळ्यात टोकदार प्रश्न मात्र भाचीनं काढला. वर्गात धडा शिकताना तिच्या लक्षात आलं की मोहीम वर पोचायच्या आधीच एक शेरपा हमाल हिमस्खलनात मेला, आणि त्याचं नाव धड्यात नाही. “ओझं वाहणाऱ्याचं नाव काहून नाही?” यावर काका गप्प. धड्यात आणखी एक गोष्ट गळलीय. तो दिल्लीहून विमान सुटतं तिथूनच सुरू होतो, त्यामुळे मामीची ती शिवणयंत्रवाली बचेंद्री त्या उताऱ्यात भेटत नाही. अख्खं पुस्तक घरात असावं ते यासाठी.

22 मे 2019 ला तामियाची भावना देहरिया एव्हरेस्टवर पोचली तेव्हा आपल्याकडे वेगळाच आनंद झाला. कारण तेव्हा आपण सगळे एकाच छिंदवाडा जिल्ह्यात होतो. (2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे आता ती शेजारच्या जिल्ह्याची!) त्याच दिवशी सीहोरची मेघा परमारही वर पोचली. मग राज्यात पहिली कोण यावर लोकांनी काथ्याकूट केला. मला तो हिशेब फार महत्त्वाचा वाटत नाही. तामियाहून पोरगी जाऊ शकते, हे आपल्या पोरींनी पाहिलं.

त्याचा परिणाम आता आमच्याच घरात दिसून राहिला आहे. भाचीला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा महिनाभराचा प्राथमिक वर्ग करायचाय. आई तयार आहे. वडील म्हणतात, बीएड आधी, मग काय ते. आजी असती तर कोणत्या बाजूला गेली असती, सांगता येत नाही. मामीनं मात्र फोनवर जावयांना सरळ सांगितलं, “बीएड माझ्याकडेही होतं, जावईबापू.” वैद्यकीय दाखला काढून झालाय, फॉर्म भरून ठेवलाय, सही तेवढी बाकी. पुस्तक सध्या त्यांच्या उशाशी आहे. ताई सांगते, तंबू फाडण्यापर्यंत पोचलेत.