शेवटचे वीस तास

बुधवार, २९ जुलै २०१५, सकाळी साडेदहा

नवी दिल्ली. सर्वोच्च न्यायालयात न्या. दीपक मिश्रा, न्या. प्रफुल्ल पंत आणि न्या. अमिताव रॉय यांच्यापुढे याकूब अब्दुल रझाक मेमनची याचिका सुनावणीला आली आहे. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात उद्या सकाळी सात वाजता त्याला फाशी द्यावी, असं मुंबईच्या टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाचं वॉरंट आहे. उद्याच त्याला त्रेपन्न वर्षं पूर्ण होतात.

तीन न्यायाधीश एकत्र बसले आहेत, कारण काल दोघांचं जमलं नाही. न्या. अनिल दवे यांनी याचिका फेटाळली. न्या. कुरियन जोसेफ यांनी मात्र वॉरंटला स्थगिती द्यावी असं लिहिलं. याकूबची क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विचार फेटाळल्यानंतरचा न्यायालयातला शेवटचा उपाय) ज्या न्यायाधीशांनी ऐकली, त्यांची निवड न्यायालयाच्या स्वतःच्याच नियमांप्रमाणे झाली नव्हती, असा न्या. जोसेफ यांचा आक्षेप होता. फाशी दोन दिवसांवर आलेली असताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एकमत नव्हतं, हे आधी लक्षात ठेवायला हवं.

दुपार

युक्तिवाद चालू आहेत, तोवर मूळ गुन्ह्याकडे जाऊ.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला मुंबईच्या शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. मग कथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा. २५७ माणसं गेली, ७१३ जखमी झाली. पुढे मी जे लिहिणार आहे, त्यानं या २५७ जणांच्या मरणाचं ओझं गुंजभरही हलकं होत नाही. त्यांच्या घरच्यांनी खटला संपायची वाट चौदा वर्षं पाहिली. त्यांचा राग खरा आहे आणि त्या रागाला उत्तर मिळायलाच हवं होतं.

कटाचा सूत्रधार टायगर मेमन पाकिस्तानात पळाला, तो हाती लागला नाही. याकूब त्याचा धाकटा भाऊ, पेशानं सीए. पैशांची व्यवस्था करणं, पाकिस्तानात प्रशिक्षणाला जाणाऱ्यांच्या प्रवासाची सोय करणं, असे आरोप त्याच्यावर सिद्ध झाले. बॉम्ब ठेवल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. पुराव्यात मोठा वाटा होता तो माफीच्या साक्षीदाराचा आणि सहआरोपींनी पोलिस अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या, नंतर मागे घेतलेल्या कबुलीजबाबांचा. साध्या फौजदारी खटल्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. टाडाच्या कलम १५ नं ती ठरवली. या कायद्याची मुदत १९९५ मध्ये संपली, पण त्याच्याखाली उभे राहिलेले खटले चालूच राहिले.

२७ जुलै २००७ रोजी न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी याकूबला फाशी सुनावली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि त्याच निकालात, प्रत्यक्ष स्फोटकं ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. न्यायालयाचं म्हणणं असं की याकूब आणि फरारी आरोपी हे धनुर्धारी, बाकीचे त्यांच्या हातातले बाण. खरा धनुर्धारी कराचीत होता. जो हातात होता, त्याला ती जागा मिळाली. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आणि तो हातात आला कसा? सीबीआयच्या म्हणण्याप्रमाणे ५ ऑगस्ट १९९४ रोजी नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर त्याला पकडलं. याकूब अखेरपर्यंत सांगत राहिला की तो आधीच काठमांडूत ताब्यात आला होता, कारण तो भारतात परतायलाच निघाला होता. कराचीतल्या मुक्कामाचे, तिथल्या पासपोर्टांचे पुरावे त्यानं तपास यंत्रणांना दिले. मेमन कुटुंबातली बरीच माणसं त्याच्यामागोमाग भारतात आली.

हे फक्त आरोपीचं म्हणणं राहिलं असतं. पण २३ जुलै २०१५ नंतर तसं राहिलं नाही. 'रॉ' या गुप्तचर संस्थेत दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख राहिलेले बी. रामन यांनी २००७ मध्येच लिहून बाजूला ठेवलेला लेख, ते वारल्यानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. याकूब कटात होता याबद्दल रामन यांना शंका नव्हती. पण काठमांडूपासून पुढे त्यानं केलेलं सहकार्य शिक्षा ठरवताना जमेला धरायला हवं होतं आणि फाशी द्यायला नको होती, असं त्यांचं मत होतं. याकूबला भारतात आणण्याची कामगिरी ज्यांच्या डोळ्यांदेखत झाली, त्यांच्यातला हा माणूस. त्याची साक्ष कुठल्याही न्यायालयापुढे कधीच झाली नाही.

लेखानंतर तीन दिवसांत राष्ट्रपतींकडे अर्ज गेला. त्यावर सही करणाऱ्यांत राम जेठमलानी होते, सत्ताधारी पक्षाचे खासदार शत्रुघ्न सिन्हा होते, निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. बॉम्बस्फोटांची भलामण करणारा यांत कुणी नव्हता.

दुपारी चारनंतर

याचिका फेटाळली. वॉरंटमध्ये दोष नाही, क्युरेटिव्ह याचिकेची सुनावणीही नियमाला धरूनच झाली, असं तिन्ही न्यायाधीशांचं मत. राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनीही दयेचा अर्ज नाकारला.

रात्री साडेआठ ते अकरा

नवा दयेचा अर्ज राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्यापुढे आहे. पहिला अर्ज, भावानं केलेला, त्यांनी एप्रिल २०१४ मध्येच फेटाळला होता. आता अर्जावर गृहमंत्रालयाचं मत मागवलं गेलं, गृहमंत्री राजनाथ सिंह राष्ट्रपती भवनात गेले, महान्यायअभिकर्ता रणजित कुमारही पोहोचले. अकराच्या सुमाराला नकार जाहीर झाला.

रामन यांचा लेख, काठमांडूच्या नोंदी, गुप्तचर यंत्रणेच्या फायली यांतलं काहीही तपासायला एक संध्याकाळ कशी पुरणार होती? एकवीस वर्षांत जे कुणी तपासलं नाही, ते?

मध्यरात्र

प्रशांत भूषण, आनंद ग्रोव्हर आणि इतर वकील सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांच्या निवासस्थानी गेले. त्यांचा मुद्दा सरळ होता. जानेवारी २०१४ मध्ये, शत्रुघ्न चौहान खटल्यात, याच न्यायालयानं सांगितलं होतं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यावेत. कैद्याला नातेवाइकांना भेटता यावं, मनाची तयारी करता यावी, नकाराला आव्हान देता यावं, म्हणून. इथे नकार आणि फाशी यांत आठ तास होते.

सरन्यायाधीशांनी तेच खंडपीठ पुन्हा बसवलं.

गुरुवार, ३० जुलै, पहाटे ३ वाजून २० मिनिटं

न्यायालय क्रमांक चार. पहाटेच्या या वेळेला फाशी थांबवण्यासाठी दरवाजे उघडले, याचं श्रेय न्यायालयाला द्यायलाच हवं. जगातल्या किती देशांत एका दोषी ठरलेल्या दहशतवादी कटवाल्यासाठी हे झालं असतं?

ग्रोव्हर चौदा दिवसांवर बोलले. महान्यायवादी मुकुल रोहतगी म्हणाले की असे नवनवे अर्ज येत राहिले तर कुठलंच वॉरंट कधी बजावता येणार नाही. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं. पण दीड तास जे बोललं गेलं ते सगळं तारखांचं होतं. पहिला अर्ज कधी फेटाळला, वॉरंट कधी निघालं, कैद्याला कधी कळलं. तो माणूस स्वतःहून परतला का, परतला असेल तर त्याचं वजन किती, हा लोकांच्या मनातला प्रश्न त्या खोलीत आलाच नाही. यायला जागाच उरली नव्हती.

पहाटे पाच

याचिका फेटाळली. पुरेशी संधी मिळाली होती, नव्या अर्जामुळे चौदा दिवस नव्यानं सुरू होत नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं.

त्या सकाळी आमच्याकडे पारगावात डेअरीवर दूध घालायला आलेल्यांच्या तोंडी हाच विषय होता. बहुतेकांचं म्हणणं, झालं ते बरंच झालं. "पण तो आपण होऊन आला होता म्हणतात ना?" असं एकानं विचारलं, तेव्हा कुणी त्याला गप्प केलं नाही, उत्तरही दिलं नाही.

सकाळी सातच्या आधी

नागपूर. याकूब मेमनला फाशी देण्यात आली. मृतदेह भावांच्या ताब्यात दिला, विमानानं मुंबईत आणला, माहीमला घरी नेला, आणि संध्याकाळी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झालं. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचे उपनिबंधक अनुप सुरेंद्रनाथ यांनी राजीनामा दिला. फाशीच्या शिक्षेचा ते अभ्यासही करत होते.

माझं मत लिहून ठेवतो. याकूब दोषी होता, त्याला जन्मभर तुरुंगात ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण त्याच्या शिक्षेबद्दलची सगळ्यात मोठी शंका खुद्द सरकारच्या माजी अधिकाऱ्यानं मांडली होती, आणि ती तपासायच्या आत तो गेला. आता ती तपासून कुणाला काही देता येणार नाही.

शंका तपासायला वेळ मिळाला तर काय होतं, तेही महाराष्ट्रातच दिसलं आहे. खटला वेगळा, गुन्हाही वेगळा. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतमजूर कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच दिली. घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. दिल्लीत ती पहाट उजाडली तेव्हाही ही माणसं दोषीच मानली जात होती.

५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांनी त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर त्यांची सुमारे सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या पोलिसांची चौकशी करावी, असा आदेश झाला.