मुलूखमैदानाची प्रतिकृती

एखाद्या वक्त्याने सभा गाजवली की त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्या तोफेवरून हा शब्दप्रयोग रूढ झाला ती आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. विजापुरास जाण्यापूर्वी ती आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या भुईकोट किल्ल्यात होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या धर्मग्रामातील काही मुलांनी सुटीत या तोफेची प्रतिकृती करावयास घेतली आणि त्यांच्या मदतीस म्हणून बसलेले आम्ही वडीलधारेच त्या कामात गुंतत गेलो. प्रस्तुत लेख त्या गुंतण्यातून निघाला आहे.

आरंभी घरातूनच विरोध झाला. ज्या कोपऱ्यात दरवर्षी नाताळचा गोठा मांडावयाचा, त्या कोपऱ्यात तोफ कशाला, असा एका आईचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता आणि त्याचे झटकन उत्तर आमच्यापाशी नव्हते. दिवाळीत आपल्या शेजारची मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे आणि तोफा मांडतात. आपली मुले डिसेंबरात गोठा करतात. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हापासून लहान आकारात मोठी गोष्ट दाखविण्याची ही कला ख्रिस्ती घरांत चालत आली आहे. हात एकच, साहित्यही तेच: पुठ्ठा, शाडू, गवत, डिंक. प्रश्न फक्त काय दाखवावयाचे याचा होता.

तर तोफेकडे वळू. ती 1549 साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे निजामशाहीत ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी. नावातील ‘रूमी’ हा शब्द त्याचे मूळ तुर्कस्थानाकडचे असल्याचे सुचवितो. लांबी सुमारे 4.45 मीटर, बाहेरचा व्यास दीड मीटर, तोंडाचा व्यास 70 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 55 टन. तोंड सिंहाच्या जबड्याचे असून त्याच्या सुळ्यांत हत्ती चिरडला जात आहे असे कोरले आहे. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत हिच्यात तांब्याची नाणी भरून ती विजयनगरच्या सैन्यावर डागली, असे सांगतात.

परांड्याचा किल्ला बहमनी वजीर महमूद गावान याच्या नावाशी जोडला जातो. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले ते परांड्यातच. म्हणजे काही काळ हे आडवाटेचे गाव एका राज्याची राजधानी होते. पुढे 1632 मध्ये किल्ला आदिलशाहीकडे गेला आणि मुरार जगदेवाने तोफ विजापुरास नेली. याच मुरार जगदेवाची आणखी एक कथा बखरींतून येते. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्याला हत्तीची तुला करावयाची होती, पण हत्ती तोलणार कसा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली: हत्ती नावेत चढवावा, नाव किती बुडते त्यावर खूण करावी, मग हत्ती उतरवून तेथवर नाव बुडेल इतके दगड भरावेत आणि ते दगड तोलावेत. त्या गावाचे नाव तुळापूर पडले. वजनाशी असा व्यवहार असलेल्या माणसाच्याच वाट्याला 55 टनांची तोफ यावी, हा योगायोग आम्हांला मोठा गमतीचा वाटला.

परांडा ते विजापूर हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून अधिक आहे आणि भीमा ओलांडल्यावाचून विजापूर गाठता येत नाही. तोफ ओढण्यास 10 हत्ती, 400 बैल आणि शेकडो माणसे लागली, असे सांगतात. हिच्या जोडीची ‘कडक बिजली’ नावाची तोफ वाटेत नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे.

मुलांनी वीसास एक असे प्रमाण धरले. पीव्हीसीच्या नळीभोवती वर्तमानपत्राच्या लगद्याचे थर दिले, सिंहाचे तोंड शाडूचे केले, वरून तांबूस-हिरवट रंग. लांबी 22 सेंटिमीटर भरली. तोंडात बसणारा गोळा साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या गोटीएवढा. येथे एका मुलाने विचारले की, खऱ्या तोफेच्या धातूत ही प्रतिकृती ओतली तर तिचे वजन किती होईल? सर्वांनी 55 टनांना वीसाने भागले आणि पावणेतीन टन असे उत्तर सांगितले. हे अर्थातच चूक. लांबी वीसपट घटली की रुंदी आणि उंचीही तितकीच घटते. म्हणून वीस गुणिले वीस गुणिले वीस, अर्थात 8000 ने भागावयाचे. उत्तर येते सुमारे सात किलो. एवढे वजन एक मूल दोन्ही हातांनी उचलू शकेल. प्रतिकृती माप अचूक सांगते, पण ओझे सांगत नाही, ही गोष्ट त्या हिशेबाने आमच्या लक्षात आली.

मग आम्ही बैलांचा हिशेब केला. एका जोडीस तीन मीटर जागा धरली आणि 200 जोड्या एकामागे एक जुंपल्या अशी कल्पना केली, तर 600 मीटरांची रांग होते. वीसास एक प्रमाणात ती 30 मीटर भरते. आमच्या चर्चच्या सभागृहात ती मावत नाही. तोफ टेबलावर मावते, तिला ओढणारे मावत नाहीत. त्या शेकडो माणसांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. तोफेवर नावे आहेत ती ओतणाऱ्याचे आणि सुलतानाचे, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरविलेल्या लेखात त्याचे. मुलांनी अखेर शाडूचे आठच बैल केले आणि बाकीच्यांसाठी दोरखंड टेबलाखाली मोकळा सोडून दिला. हे आम्ही सुचविले नव्हते.

धातूविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. तोफेचा कांसा सहसा नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील असा असतो. कथील वाढले की धातू कडक होतो, नाद उत्तम देतो, पण ठिसूळ होतो. मुलूखमैदानाच्या धातूत सुमारे 80 भाग तांबे व 20 भाग कथील आहे. हे प्रमाण तोफेपेक्षा घंटेच्या धातूला जवळचे आहे, आणि तिच्यावर हलकेच टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते. आमच्या वाचकांना येथे वेगळे काही आठवेल. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची प्रतिमा आणि 1707 हे साल आजही वाचता येते. त्या घंटा वितळवल्या गेल्या नाहीत, वाजत राहिल्या, हे आपले भाग्यच. युरोपात असे नेहमी घडले नाही. नार्व्हाच्या पराभवानंतर 1701 साली रशियाच्या पीटरने चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा ओतविल्या. दोन्ही महायुद्धांत जर्मनीने हजारो घंटा भट्टीत घातल्या. उलटही घडले: 1683 च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांच्या तोफा हाती लागल्या, त्यांतून 1711 साली संत स्तेफनच्या महामंदिराची मोठी घंटा ओतली गेली. ती 1945 च्या आगीत कोसळून फुटली आणि 1951 मध्ये तिच्याच धातूतून पुन्हा ओतली गेली.

तोफखान्याशी आपल्या धर्मपरंपरेचा आणखी एक धागा आहे, तो संत बार्बराचा. तिच्या पित्याने तिचा शिरच्छेद केला आणि त्याच्यावर वीज कोसळली, अशी कथा. त्यामुळे ती वीज, दारू आणि स्फोट यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांची आश्रयदाती ठरली. खाणकामगार आणि गोलंदाज 4 डिसेंबरला तिचा सण पाळतात. पोर्तुगीज जहाजांवरच्या दारूच्या कोठाराला तिचेच नाव होते. 1969 मध्ये तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला, तरी गोलंदाजांनी तो सोडलेला नाही. ती शत्रूला मारण्यास मदत करते म्हणून नव्हे, तर आपलीच तोफ आपल्याच हातात फुटू नये म्हणून तिचा धावा होत असे. तोफ फुटणे ही त्या काळी नित्याची भीती होती.

युद्धसाहित्याच्या प्रतिकृती हा केवळ मुलांचा उद्योग नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळी, 1668 पासून, सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या सहाशेस एक प्रमाणातील प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांतील पुष्कळ आज पॅरिसमध्ये पाहावयास मिळतात. इंग्लंडात वुलिच येथे विल्यम काँग्रीव्ह याने 1778 मध्ये तोफखान्याच्या शिक्षणासाठी संग्रह उभारला, त्यात तोफांच्या प्रतिकृती होत्या. राजा टेबलावर वाकून शत्रूचे शहर पाही. त्या शहरातली माणसे अर्थात त्यात नसत.

जिल्ह्याची गोष्ट परांड्यापाशी संपत नाही. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावरही जुन्या तोफा आहेत. तेथेच 13 सप्टेंबर 1948 रोजी, हैदराबाद संस्थानावरील कारवाईच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. ज्या घरांत त्या आठवड्याच्या आठवणी आहेत, तेथे तोफेचा खेळ मांडताना आवाज आपोआप खाली येतो. मुलांना रणगाडे पाहावयाचे असतील तर अहिल्यानगरचे 1994 पासूनचे रणगाडा संग्रहालय जवळ आहे.

आणि मुलूखमैदानाचे मोल? 1854 साली साताऱ्याच्या कमिशनरच्या हुकमाने ती लिलावात काढली गेली. सर्वांत मोठी बोली 150 रुपयांची आली. सुदैवाने विक्री रद्द झाली.

प्रतिकृती अखेर गोठ्याच्या कोपऱ्यात नव्हे, सभागृहाच्या दाराशी मांडली गेली. ज्या आईने आक्षेप घेतला होता, तिनेच तिच्याखाली घालावयास जुने गोणपाट दिले. मुलांनी हौसेने तोफेला चाके लावली होती. दख्खनेतील बुरुजांवरच्या अशा तोफा खुंटीभोवती फिरविल्या जात, चाकांची तोफ आपण चित्रपटांत पाहतो, हे आम्हांला उशिरा कळले. चाके काढली. त्या जागी डिंकाचे चार डाग राहिले आहेत, रंग देऊनही ते जात नाहीत.