पाळणा, फीत आणि पडदा: परभणीकडील बालगीताचा एक न लिहिलेला इतिहास

मराठी बालगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांना एक प्रश्न क्वचितच पडतो. हे गीत ज्या मुलासाठी लिहिले ते मूल कोणत्या घरातले? १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील ‘नाच रे मोरा’ घ्या. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांचे संगीत, आशा भोसले यांचा आवाज. मोर सर्वांचाच असतो. पण माडगूळकरांच्याच आगीनगाडीच्या गाण्यातला मामा पाहा. त्याच्या गावी सोन्याचांदीच्या पेठा आहेत, मामी सुगरण आहे, रोज पोळी-शिकरण आहे. परभणी हा ज्वारीचा मुलूख. गव्हाची पोळी सणासुदीची, आणि महारवाड्यात तर भाकरीदेखील बलुत्याची, दारोदार मागून आणलेली. १९७२ च्या दुष्काळात या मुलांचा मामा खडी फोडत होता. कवीवर हा आरोप नव्हे. त्याने आपल्या परिचयाचे घर रंगविले. परंतु तेच घर ‘मराठी मुलाचे घर’ म्हणून पाठ्यपुस्तकी व सार्वत्रिक झाले, आणि आमच्या मुलाला आपल्या मामाविषयी गाताना लाजल्यासारखे झाले, ही वस्तुस्थिती नोंदविलीच पाहिजे.

मग वस्तीत मुलांसाठी गाणेच नव्हते काय? होते, पण त्याला ‘बालगीत’ असे वेगळे दालन नव्हते. मूल, आई, आजी एकाच गाण्याखाली झोपत. राम-कृष्णाचे पाळणे गावात गायिले जात, ते आमच्या बायांच्याही कानी होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर या पाळण्याची चाल राहिली आणि पाळण्यातले बाळ बदलले. तेथे भीमराव आला, सिद्धार्थ आला. चौदा एप्रिलला फोटोपुढे पाळणा हलू लागला. हा बदल कोणा पंडिताने ठरवून दिलेला नव्हता. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिने तान्ह्या मुलाच्या कानात नवा पूर्वज घातला. धर्मांतराचा वैचारिक इतिहास आपण पुष्कळ लिहिला. तो पाळण्यापर्यंत मात्र नेला नाही.

जात्यावरच्या ओवीचेही तसेच. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळस आहे, आणि पाथरीच्या शेजारचे, पण बीड जिल्ह्यात मोडणारे माजलगावही. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. तोवर पिठाच्या गिरणीने जाते कोपऱ्यात सारले होते. कष्ट गेले ते बरेच झाले. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळावी. पण कष्टाबरोबर बाईची रचना करण्याची जागाही गेली, हे खरे.

ती जागा काही अंशी जलशाने आणि गायनपार्टीने भरली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या कार्यक्रमात पोरे आईच्या मांडीवर झोपत आणि ढोलकीच्या थापेने जागी होत. पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज जयंतीच्या कर्ण्यातून वस्तीभर पसरले. लाभ उघड होता: परभणीचे पोर आणि मुंबईच्या चाळीतले पोर एकच गाणे गुणगुणू लागले. हानी हळू झाली. गाणारी बाई ऐकणारी झाली.

याच काळात शासनानेही मुलांच्या पडद्याचा विचार केला. इन्सॅट उपग्रहाच्या शैक्षणिक योजनेतून सहा राज्यांत संस्था निघाल्या. महाराष्ट्रातील संस्था म्हणजे पुण्याची बालचित्रवाणी, स्थापना १९८४. दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम मराठीतून मुलांपर्यंत जात. ज्या घरात वीज व टीव्ही नव्हता तेथे ते पोचणार कसे, हा प्रश्न तसाच राहिला. आणि मोबाइलमुळे पडदा झोपडीपर्यंत पोचला तेव्हा, २०१७ मध्ये, बालचित्रवाणी बंद करण्यात आली. आता लहान मुलांच्या हाती यूट्यूबवरील कार्टूनगाणी आहेत. त्यातले घर रंगीत, भाषा पुस्तकी. बाळाची खोली वेगळी. मामाच्या पेठेचा हा नवा अवतार आहे.

पण त्याच मोबाइलने दुसरेही केले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज असाच घरोघर गेला, आणि त्यांच्या तोंडची मराठवाडी बोली मुलांनी न लाजता उचलली. ताडकळस-माजलगावच्या ओव्याही २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर, गाणाऱ्या बायांच्या नावागावासह ऐकायला-पाहायला मिळतात. नावासह, हे महत्त्वाचे. आमच्या पाळण्यांच्या कर्त्या बायांची नावे कोणत्याही कॅसेटच्या वेष्टनावर छापली गेली नाहीत. ज्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, त्यांनी जिंतूर, पूर्णा, गंगाखेडच्या म्हाताऱ्या बायांपुढे ते धरावे.

बारशाला हल्ली मोबाइलवर तयार पाळणा लावतात. त्यात भीमरावाचे नाव असते, सिद्धार्थाचे असते. समोरच्या बाळाचे नसते. नाव ठेवण्याची वेळ आली की आत्या पुढे होते, कोणीतरी मोबाइल बंद करते, आणि एखादी म्हातारी ते नाव चालीत बसवून गायला लागते.