कोय आणि कलम

कोकणात 'कलम' हा शब्द उच्चारला की लहान मुलालाही लेखणी आठवत नाही, आंब्याचे झाड आठवते. "आमची वीस कलमां आसत" असे मालवणी माणूस म्हणतो, तेव्हा तो आपली मालमत्ता सांगत असतो. मूळ शब्द अरबी-फारसीतून आलेला. कलम म्हणजे तासलेला बोरू. बोरूचे टोक जसे तिरपे छाटायचे, तशीच आंब्याची काडी छाटून दुसऱ्या रोपाच्या खोडावर बसवावयाची. म्हणून झाडालाही तेच नाव मिळाले. हापूसच्या बागा, त्याच्या पेट्या, त्याचे भाव यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु आंब्याची नवी जात जन्माला कशी येते, ती कोणी ओळखली आणि कोणी सांभाळली, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हापूसची कोय पेरली तर हापूस उगवत नाही. मोहोरावर माश्या व कीटक येतात, एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लागतात, आणि त्या संकरातून तयार झालेल्या कोयीत मातापित्यांचे गुण नव्याने मिसळलेले असतात. म्हणूनच परसातला प्रत्येक रायवळ आंबा हा आपल्यापरीने एकुलता एक असतो. एक आंबट, एक दोरांचा, एक केवळ लोणच्याचा. आणि शेकड्यांत एखादाच असा की जो चाखणारा क्षणभर थांबतो. ते झाड मेले की ती चव गेली. कलम मात्र त्याच झाडाची फांदी पुढे चालवते. नवी जात देते ती कोय, आणि टिकवते ते कलम. या दोघांच्या मध्ये उभा असतो तो चाखून थांबणारा माणूस.

कलम करण्याची विद्या कोणी आणली, याविषयी एकांगी बोलणे योग्य नव्हे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे, आणि एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर बसवून शेणमातीने लिंपण्याची कृती तेथे सांगितलेली आहे. तथापि आंब्याच्या चांगल्या जाती नेटाने निवडून त्यांची कलमे करण्याची परंपरा भरास आली ती पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात, आणि तिचे श्रेय बहुतेक अभ्यासक येशूसंघीय धर्मगुरूंना देतात. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. त्यांच्या मागोमाग येशूसंघाची महाविद्यालये, मठ आणि मळे उभे राहिले. पत वाढली ती भेट कलमाची. कुंडीतले रायवळ रोप मातृवृक्षाच्या फांदीशी न्यावयाचे, दोघांच्या साली तासून एकमेकांना घट्ट बांधावयाचे, आणि जीव जुळला की दोन-तीन महिन्यांनी फांदी आईपासून तोडावयाची. हे काम घाईचे नव्हे. मठातल्या दिनक्रमाला ते साजणारे होते.

हापूसचे नाव आफोन्सो द आल्बुकेर्क या सरदारावरून पडले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १५१५ मध्ये त्याचा अंत झाला. म्हणजे येशूसंघाचे पहिले धर्मगुरू येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे. त्याच्या हयातीत ही जात निपजली असेल, हे संभवत नाही. त्याच्या स्मरणार्थ नाव पुढे दिले गेले, असे कोणी म्हणेल. परंतु एक जुनी साक्ष वेगळेच सुचवते. १६५६ मध्ये हिंदुस्थानात आलेला इटालियन प्रवासी निकोलाव मनुची याने आपल्या 'स्तोरिया दो मोगोर' या ग्रंथात गोव्याच्या आंब्यांची नावे नोंदवली आहेत. त्या यादीत 'निकोलाव आफोन्सो'चा आंबा आहे. 'जोआनी परेरा'चाही आहे. एक आंबा काउंटच्या नावाचा, तर एक परिटाच्या नावाचा. आणि एक पवित्र मरियेच्या नावाचा. 'आफोन्सो'चा उच्चार लोकांच्या जिभेवर घोटला जाऊन हापूस झाला. तो आफोन्सो सेनापती नसून एखादा बागाइतदार असावा, असे मानण्यास ही यादी पुष्कळ आधार देते.

आम्हांस या यादीचे मोल दुसऱ्याही कारणाने वाटते. तीत सरदार व परीट शेजारी बसले आहेत. ज्याच्या परसात गुणी झाड उगवले, त्याचे नाव त्या झाडाला मिळाले. मग तो कोणीही असो. गोव्याची पुढची नावेही अशीच आहेत. मानकुराद म्हणजे मूळचा 'मालकुरादा', रंग नीट न चढलेला. नावात उणेपणा, पण गोवेकर आजही त्याला हापूसच्या वर बसवतात. मुसराद हे मोन्सेरातचे रूप. फेर्नांदीन हे आडनावावरून आलेले, तर इलारियो हा बारदेशातील शिवोलीच्या एका बागाइतदाराच्या नावाचा आंबा. ही माणसे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हती. त्यांनी हौसेने झाडे लावली, चाखली, निवडली आणि शेजाऱ्याला काडी दिली.

१७५९ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने येशूसंघाला आपल्या मुलखांतून हद्दपार केले. मळे गेले, मठ ओस पडले. कलमांची विद्या मात्र लोपली नाही, कारण ती तोवर बागेत राबणाऱ्यांच्या हातांत उतरली होती. तीच कलमे कोकण किनाऱ्याने वर सरकली. देवगड-रत्नागिरीच्या जांभ्या कातळावर आणि खाऱ्या वाऱ्यावर हापूसला जो स्वाद चढला, तो त्याच्या जन्मभूमीतही चढला नाही. २०१८ मध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले.

हौसेने नव्या जाती घडवण्याचा हा छंद केवळ आपल्याकडचा नाही. ब्रून येथील मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन धर्मगुरूने १८५६ पासून आठ वर्षे वाटाण्याच्या जातींचा संकर केला आणि आनुवंशिकतेचे नियम शोधले. इंग्लंडात यॉर्क येथील जॉर्ज येल्ड या शाळाशिक्षकाने डे-लिलीचा संकर करून १८९० नंतरच्या दशकात 'ॲप्रिकॉट' हे पिवळे फूल जगापुढे आणले. त्या फुलाचे आयुष्य अवघे एक दिवसाचे. त्याच्या हौशी लोकांनी अमेरिकेत १९४६ मध्ये संस्था स्थापली, आणि आज त्याच्या जाती दहा-दहा हजारांनी मोजाव्या लागतात. त्यात नवल नाही. सकाळी एका फुलाचे पराग दुसऱ्यास लावले, बी धरले, पेरले, की दोन-तीन वर्षांत नवे फूल डोळ्यांपुढे येते. आंब्याचे तसे नाही. एका मोहोरात फुले हजारो, फळ धरते एखाददुसरे. आणि कोयीच्या झाडाला फळ येण्यास सात-आठ वर्षे जातात. आंब्याचा संकर करणाऱ्याला आयुष्यात मोजक्याच संधी मिळतात.

ही चिकाटी आपल्या जिल्ह्यात दिसून आली आहे. वेंगुर्ल्यास १९५७ मध्ये फळ संशोधन केंद्र सुरू झाले. हापूसचे दोन दोष बागाइतदारांना चांगले ठाऊक आहेत : गरात पडणारा साका, आणि वर्षाआड धरणारे फळ. दक्षिणेकडील नीलम दरवर्षी धरतो. या दोहोंच्या संकरातून 'रत्ना' ही जात निघाली, आणि ती १९८१ मध्ये प्रसारित झाली. तिचा गर साक्यापासून मुक्त आहे. पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ मध्ये 'सिंधू' आली. तिची कोय इतकी पातळ की फळ जवळजवळ गराचेच. मठातल्या मळ्यात जे काम नजरेने व जिभेने होत असे, ते येथे नोंदवहीने झाले.

आता मूळ चिंतेकडे वळतो. हापूसची सारी कलमे म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या. लाखो असल्या तरी रक्त एकच. त्यात नवे काही यावयाचे तर ते कोयीतून, म्हणजे रायवळातून आले पाहिजे. आणि रायवळ तर झपाट्याने जात आहेत. घर बांधताना, रस्ता रुंदावताना, लाकडाला भाव आला म्हणून, किंवा 'हापूस लावू, पैसे होतील' म्हणून पणजोबांचे झाड पडते. कुऱ्हाड घालणाऱ्याला आम्ही दोष देत नाही; पोटाची गरज आम्ही जाणतो. परंतु झाड तोडावयाचेच असेल तर ते एक पावसाळा थांबवता येते. मृदुकाष्ठ कलमाला एक सुरी, एक प्लॅस्टिकची पट्टी आणि कोवळ्या फुटीचे एक रोप एवढेच लागते. तीन-चार महिन्यांची काडी निवडावी, आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून छाटावी, डोळा फुगला की ती रोपावर बसवावी. गावात हे काम जाणणारा माणूस आजही सापडतो.

संत पौलाने रोमकरांस पाठविलेल्या पत्रात कलमाचा दृष्टान्त घेतला आहे. त्यात रानटी जैतुनाची फांदी जातिवंत खोडावर लागते. माळी नेहमी नेमके उलटे करतो, आणि ते निसर्गाविरुद्ध आहे हे पौल स्वतःच सांगतो. आपल्या बागेत मात्र उलटा व्यवहारही सयुक्तिक आहे : जातिवंत हापूसच्या जुन्या खुंटावर परसातल्या गुणी रायवळाची एक काडी. अशा झाडाला ज्याच्या परसातला आंबा असेल त्याचे नाव द्यावे. मनुचीच्या यादीत परिटाला जागा मिळाली. आपल्या वाड्यांतील आजी-आजोबांनाही ती मिळावी.