नांदेडचे दख्खनी शीख आणि एक कोरियन कादंबरी

मिन जिन ली या कोरियन-अमेरिकन लेखिकेची ‘पचिंको’ (२०१७) ही कादंबरी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या चार पिढ्यांची कथा सांगते. १९१० साली जपानने कोरिया खालसा केला. बुसानजवळच्या बेटावरची सुंजा इसाक या तरुण पाळकाशी विवाह करून १९३३ मध्ये ओसाकास येते. तिच्या नातवाचा जन्म जपानचा, भाषा जपानी. तरी चौदाव्या वर्षी बोटांचे ठसे देऊन त्याला परदेशी म्हणून नाव नोंदवावे लागते. कारण १९५२ साली जपानने तेथील कोरियन रहिवाशांचे नागरिकत्वच काढून घेतले होते. या जुन्या रहिवाशांवरील ठशांची सक्ती उठली ती १९९३ मध्ये.

हे वाचताना आपले नांदेड डोळ्यांसमोर येते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये गोदातीरी येथे देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तेथे गुरुद्वारा बांधविला. त्याच दशकात निजामाचे दिवाण चंदुलाल यांच्या विनंतीवरून लाहोरच्या शीख सैनिकांची फौज हैदराबाद संस्थानात आली. लोक तिला ‘लाहोरी फौज’ म्हणत.

पुढे १८४९ साली इंग्रजांनी पंजाब घेतला. ज्या राज्याने हे शिपाई धाडले, ते राज्यच उरले नाही. सुंजाच्या पिढीवर ओढवले तेच हे संकट. शिपाई येथेच राहिले, येथेच त्यांची मुले वाढली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा निजामाची चाकरीही संपली. कुणी शेतीकडे वळले, कुणी नोकरी-धंद्याकडे. घराघरांत मराठी आणि दख्खनी बोली रुळली. दाढी, पगडी आणि गुरुबाणी मात्र टिकली.

दोन्ही कथांतील मोठा भेद येथेच आहे. जपानने तेथे जन्मलेल्यांनाही परके ठरविले. आपल्या संविधानाने १९५० साली या कुटुंबांना बरोबरीचे नागरिक मानले. तरीही नागरिकत्वाने सारेच प्रश्न सुटत नाहीत. हा माणूस पंजाबात गेला की ‘दख्खनी’ ठरतो, आणि येथील शेजारी त्याला ‘पंजाबी’ म्हणतो. पावणेदोनशेहून अधिक वर्षांच्या वास्तव्यानंतरही!

राजांचे तहनामे दप्तरात जपले जातात. शिपायाच्या पत्नीने परक्या मुलखात पहिली चूल कशी मांडली, हे मात्र तिच्या नातवंडांनाच ठाऊक असते. आपल्या धर्मग्रामांतही गाव सोडून आलेली कुटुंबे आहेत. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात.