अकाली प्रसूती, स्टेरॉइड उपचार आणि आठवड्यांची मोजणी : ऑकलंड ते एरंडोल

प्रस्तावना

औषधाचा शोध आणि त्या औषधाचा खेड्यापर्यंतचा प्रवास हे वैद्यकाच्या इतिहासातील दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यावर विपुल लेखन झाले आहे. दुसऱ्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या गर्भवतीस स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन गर्भाची फुप्फुसे परिपक्व करण्याचा उपचार या दृष्टीने अभ्यसनीय आहे. औषध स्वस्त आणि देण्याची पद्धत सोपी असूनही शोधापासून भारतातील उपकेंद्रापर्यंत पोहोचण्यास त्याला ४० वर्षांहून अधिक काळ लागला. तेथे पोहोचताच त्याच्या उपयुक्ततेविषयी नवे प्रश्न उभे राहिले. प्रस्तुत लेखात हा प्रवास जळगाव जिल्ह्यातील एरंडोल तालुक्याच्या संदर्भात तपासला आहे.

शोधाची पार्श्वभूमी

अकाली जन्मलेल्या बाळाच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण म्हणजे श्वसनातील अडथळा. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश उघडे ठेवणारा द्रव, ज्याला सरफॅक्टंट म्हणतात, तो अशा बाळात पुरेसा तयार झालेला नसतो. हे कारण मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला. सत्ता आणि संपत्ती यांचा त्या काळी या आजारापुढे काहीही उपयोग नव्हता.

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. प्रसूतीची सुरुवात कशामुळे होते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. स्टेरॉइड दिल्यानंतर फार लवकर जन्मलेली काही कोकरे अपेक्षेविरुद्ध श्वास घेत राहिली आणि त्यांची फुप्फुसे अंशतः फुललेली आढळली. शोधायचे एक आणि सापडले दुसरे, असा हा प्रकार होता. पुढे बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या गटात नवजातांचे आरंभीचे मृत्यू ३.२ टक्के, तर उपचार न मिळालेल्या गटात १५ टक्के होते. यासाठी बीटामेथासोन वापरले होते. ते आणि डेक्सामेथासोन ही औषधे वारेतून फारशी निष्प्रभ न होता गर्भापर्यंत पोहोचतात. प्रेडनिसोलोनचा बराचसा अंश वारेतच निष्क्रिय होतो.

इतका स्पष्ट पुरावा असूनही प्रगत देशांतील बहुतेक प्रसूतितज्ज्ञांनी हा उपचार दोन दशके स्वीकारला नाही. १९९० मध्ये पॅट्रिशिया क्राउली व सहकाऱ्यांनी सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने शिफारस केली, तेव्हा चित्र पालटले. कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातील आडव्या रेषा याच चाचण्यांच्या आहेत.

नागपूर व बेळगावचा अनुभव

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण २०११ ते २०१४ या काळात घडले. प्रगत रुग्णालयांत सिद्ध झालेला उपचार खेड्यांत दिला तर काय होईल, हे पाहण्यासाठी सहा देशांत एक व्यापक चाचणी घेण्यात आली. भारतातील केंद्रे नागपूर आणि बेळगाव येथे होती, म्हणजे एक विदर्भात आणि दुसरे मराठी भाषकांच्या सीमाभागात. प्रशिक्षित सेवकांना डेक्सामेथासोनचे संच देण्यात आले. गर्भाचे वय निश्चित नसल्यास पोटाची उंची मोजण्यासाठी रंगीत खुणांची फीत देण्यात आली. जन्माच्या वेळीही वय खात्रीने सांगता येत नसल्यामुळे सर्वांत कमी वजनाची ५ टक्के बाळे हीच अकाली जन्मलेली असे गृहीत धरावे लागले. या एका तडजोडीतच पुढील निष्कर्षांचे बीज होते, असे म्हणता येईल.

ऑक्टोबर २०१४ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष प्रसिद्ध केले. अत्यल्प वजनाच्या बाळांच्या मृत्यूत लक्षणीय फरक आढळला नाही. सर्व बाळांचा एकत्र विचार करता मात्र उपचार-गटात दर हजारी २७.४, तर तुलना-गटात २३.९ नवजात मृत्यू झाले. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही उपचार-गटात अधिक दिसली. इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे अत्यल्प वजनाची नव्हतीच. ज्यांना औषधाची गरज नव्हती त्यांनाच ते अधिक प्रमाणात मिळाले. संसर्ग हे ग्रामीण नवजात मृत्यूचे मोठे कारण आहे, हे डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याने १९९९ मध्येच दाखवले होते. प्रतिकारशक्ती मंदावणारे औषध अशा परिस्थितीत सरसकट देण्यातील धोका त्यावरून कल्पिता येतो.

विशेष म्हणजे हे निष्कर्ष येण्याच्या चारच महिने आधी, जून २०१४ मध्ये, केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यानुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अकाली कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा द्यायचे होते. पाठवणीपूर्वी पहिली मात्रा देण्याचा अधिकार आरोग्यसेविकेसही मिळाला. सूचनांचा हेतू रास्त होता. परंतु आठवडे कोणी आणि कशाच्या आधारे मोजायचे, हा प्रश्न त्यांनी पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, असेच म्हणावे लागते.

एरंडोलच्या संदर्भात

अंजनी नदीकाठचे एरंडोल हे जळगाव-धुळे महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. जळगाव तेथून सुमारे ३० किलोमीटर, तर धुळे त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत खानदेशात असे महाविद्यालय फक्त धुळ्यास होते. ग्रामीण रुग्णालयात पहिली मात्रा मिळाली, तरी पुढील उपयोग मोठ्या रुग्णालयातील नवजात कक्ष गाठण्यावर अवलंबून राहतो. औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे एक दिवस लागतो. २०१४ पासूनच्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने अंतराचा प्रश्न काही अंशी सोपा केला आहे.

मोजणीचा प्रश्न अधिक अवघड आहे. गावात गर्भाचे वय आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी सांगितले जाते. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. फुप्फुसांची परिपक्वता पाहता ती उलटी आहे. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. स्त्री सातव्या महिन्यात सासरहून निघते, तेव्हा पहिल्या नोंदी सासरच्या उपकेंद्रात राहतात आणि कळा येतात त्या माहेरी. ज्या आठवड्यांत हे इंजेक्शन उपयोगी ठरते, नेमक्या त्याच काळात हे स्थलांतर घडते.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या चाचणीने चित्र पुन्हा बदलले. भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत २,८५२ स्त्रियांचा त्यात समावेश होता. नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच असले तरी ते रुग्णालयातच देण्यात आले आणि गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले होते.

येथे खानदेशाच्या सामाजिक इतिहासातील एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी आठवड्यांची सर्वांत खात्रीशीर मोजणी करते. परंतु २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण अत्यंत कमी असलेल्या राज्यातील जिल्ह्यांत जळगावचा समावेश होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. पुढे केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक तपासणीचा अर्ज आवश्यक झाला. हे नियंत्रण अपरिहार्यच होते. परिणामी, जे यंत्र अकाली जन्मणाऱ्या बाळासाठी औषधाची वेळ ठरवू शकते, त्याच यंत्राकडे या जिल्ह्यात शासन आणि समाज दीर्घकाळ संशयानेच पाहत आले आहेत. एरंडोलसारख्या ठिकाणी आरोग्यसेविकेच्या हाती आजही प्रामुख्याने शेवटच्या पाळीची तारीख असते, आणि ती तारीख बहुधा एखाद्या सणाच्या किंवा कापूस वेचणीच्या आठवणीवरून काढावी लागते.